चौदा मुंडासी, सतरा दगड : एका मावळी गावातल्या वीरगळांचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोरहून पश्चिमेला नीरेच्या खोऱ्यात शिरलं की रस्ता अरुंद होत जातो आणि गावं लहान होत जातात. हे त्यातलंच एक. नाव देत नाही. काही घरांच्या खासगी गोष्टी यात आहेत हे एक कारण. दुसरं पुढे ओघात येईल. साठेक उंबरा, त्यातल्या निम्म्या घरांना वर्षातले दहा महिने कुलूप. माणसं मुंबईला माथाडीत, नाहीतर पुण्याला कंपनीत. गाव भरतं ते चैत्रातल्या भैरवनाथाच्या यात्रेला.

देवळाच्या पूर्वेला देवराईचा उरलेला तुकडा आहे. तिच्या कडेला, अर्धे मातीत रुतलेले चौदा दगड उभे होते. अकरा वीरगळ, दोन सतीशिळा आणि एक शेंदरानं इतका माखलेला दगड, की आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

वीरगळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: उभी शिळा, साधारण कंबरेएवढी किंवा छातीएवढी, एकावर एक चौकटी कोरलेल्या. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्याला चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याचं नाव राहो. गंमत अशी की नाव मात्र बहुतेक वीरगळांवर कोरलेलंच नसतं. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात. कुणाचा, तेही लिहिलेलं नसतं.

नाव नसलं की गोष्ट येते. या गावाची गोष्ट अशी: पन्हाळ्याहून महाराज निसटले, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं उभी राहिली, त्यात या गावचे चौदा जण होते. ऐन आषाढ, तिथून इथवर प्रेतं आणणार कशी? मग चौदा मुंडासी आली. घरच्यांनी मुंडासी पुरली आणि वर चौदा दगड उभे केले. गोष्ट सांगताना म्हातारी माणसं 'मुंडासी आली' इथे थांबतात. ऐकणाऱ्यानं काही बोलायचं नसतं.

गोष्टीला जमीन आहे. घोडखिंडीची लढाई १३ जुलै १६६० ची. बांदल हे हिरडस मावळाचे देशमुख, म्हणजे याच मुलखातले. लढाईनंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला, ही गोष्ट आजही या खोऱ्यात कुणालाही विचारा. तेव्हा गावानं ती लढाई आपली म्हणावी यात खोटं काही नाही.

प्रश्न कुठे उभा राहिला

मुंबईच्या मंडळानं जीर्णोद्धाराची वर्गणी जमवली. कौलं जाऊन स्लॅब येणार, गाभाऱ्याला ग्रॅनाइट, आणि पूर्वेचा उतार धरून ठेवायला संरक्षक भिंत. भिंतीची दोरी लागली ती नेमकी दगडांच्या ओळीवरून. ठेकेदाराचं म्हणणं साधं होतं: दगड चांगले टणक आहेत, पायात घालू.

गावातला एक शिक्षक मुलगा माझ्या ओळखीचा. मी आठ-दहा वर्षं या पट्ट्यातल्या गावांची टिपणं करते: वीरगळ, घाटवाटा, देवराया, वाड्यांची कागदपत्रं. त्याचा फोन आला, "ताई, आठ दिवसांत जेसीबी येतोय."

पायात दगड घालायला विरोध करावा लागला नाही. मंदिर समितीच्या पहिल्याच बैठकीत पोलीस पाटील म्हणाले, "मावळ्यांच्या छातीवर भिंत बांधणार का?" विषय संपला. नवा विषय मात्र त्याच वाक्यातून निघाला. समितीला दगडांपुढे मोठा फलक हवा होता: 'पावनखिंडीतील वीर मावळ्यांच्या समाध्या'. आणि माझ्या अंदाजानं यातले बहुतेक दगड त्या लढाईच्या चारशे वर्षं आधीचे होते.

अंदाज म्हणतेय, कारण लेख नसलेल्या वीरगळाचं वय घडणीवरूनच सांगावं लागतं. अलिबागजवळच्या आक्षीच्या गधेगाळावर, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळेवर, शके ९३४ कोरलेलं आहे, तिथे वाद मिटतो. बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे, त्यामुळे शिलाहार-यादवांच्या संघर्षाशी त्यांची सांगड घालता येते. इथे तसं काहीच नाही. चौकटींची मांडणी, केसांचे अंबाडे, आखूड तलवारी, गोल ढाली, आणि तीन दगडांवर खालच्या चौकटीत गाई. गाई पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्या माणसांचे वीरगळ यादवकाळात घाटमाथ्यावर गावोगाव दिसतात. बारावं-तेरावं शतक म्हणायला हरकत नव्हती.

हे मी बैठकीत सांगितलं, आणि वाईट पद्धतीनं सांगितलं. "हे शिवकालीन नाहीत" असं थेट वाक्य टाकलं. सभामंडपात शांतता पसरली. मग मागून एक आवाज, "म्हंजी आमचे बापजादे खोटं बोलत आलं व्हय?"

समोरचे पर्याय

दगडांचं काय करायचं आणि गोष्टीचं काय करायचं, हे दोन प्रश्न होते. आम्ही ते महिनाभर एकच समजून भांडत राहिलो.

दगडांपुरतं पाहिलं तर सर्वांत चांगला पर्याय म्हणजे ते हलवायचेच नाहीत, भिंत आठ-दहा फूट खाली सरकवायची. वीरगळ जिथे उभा असतो ती जागाही पुरावा असते. पण खाली सरकलं की उतार वाढतो, भिंतीची उंची वाढते, खर्च वाढतो, आणि वर्गणी मोजून आलेली. ठेकेदारानं नवा आकडा सांगितला तेव्हा अध्यक्षांनी चहा मागवला, म्हणजे चर्चा संपली.

दुसरा पर्याय मंडळातल्या तरुणांचा: दगड भिंतीतच सिमेंटनं बसवायचे, तोंड बाहेर. दिसायला छान दिसतं, बऱ्याच देवळांत तसं केलेलंही आहे. पण सिमेंटमध्ये बसलेला दगड पुन्हा काढता येत नाही, मागून ओल धरतो, क्षार वर येतात आणि कोरीव पापुद्रे सुटू लागतात. शिवाय दगडाची बाजू आणि पाठ कायमची जाते. काही वीरगळांना बाजूंनीही कोरीव काम असतं.

तिसरा, संग्रहालय. हा मीच मांडला, आणि मांडताक्षणी मागे घेतला. गुरवांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव उचलून न्यायला आलेय.

उरला चौथा: चाळीस पावलांवर, देवराईच्याच सावलीत, कोरड्या दगडांचा चौथरा बांधायचा आणि त्यावर सगळे वीरगळ आहेत त्याच क्रमानं, त्याच दिशेला तोंड करून उभे करायचे. हा ठरला. आदर्श नव्हता, झेपणारा होता.

कायद्याचा आधार घ्यावा का, हाही विचार झाला. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या जागांना लागतो. ही जागा तशी नव्हती. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं दगडी शिल्प पुरावशेष ठरतं खरं, पण त्या बळावर काम थांबवायला गेले असते तर दगड रातोरात गायब झाले असते, आणि मला पुन्हा गावात कुणी पाणी विचारलं नसतं. संबंधित कार्यालयाला पत्र आणि फोटो दिले, पोच घेतली. उत्तर आलं ते पुढचा पावसाळा सरल्यावर.

काय केलं

हलवण्याआधी नोंद. प्रत्येक दगडाला खडूनं क्रमांक, सुतळीनं अंतरं मोजून नकाशा, चारही बाजूंनी फोटो. दिवसा वीरगळाचा फोटो नीट येत नाही. ऊन समोरून पडलं की कोरीव काम सपाट होऊन जातं. म्हणून रात्री गेलो. बॅटरी एका कुशीनं, अगदी दगडाला घासून धरायची. मग झिजलेल्या रेघांना सावल्या येतात आणि माणसं, घोडे, गाई दगडातून वर येतात.

त्या रात्री शेजारच्या घरातली एक आजी कंदील घेऊन आली. रोज त्या दगडांवरून शेणाची पाटी घेऊन जाणारी बाई. सातव्या क्रमांकाच्या दगडापुढे बसली, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "बाय, ही पुढची मागं वळून बघतीया. वासरू मागं ऱ्हायलंय तिचं." मी तो दगड चार वेळा पाहिला होता. माझ्या वहीत 'गाई, ३' एवढंच होतं. तिनं बोट ठेवलं तिथे, चौकटीच्या अगदी काठाला, अंगठ्याएवढं वासरू होतं.

मग ती सतीशिळांकडे वळली. गावातले पुरुष त्या जागेला 'सतीचा माळ' म्हणतात. बायका म्हणत नाहीत. त्यांच्यात तो 'हाताचा दगड', आणि बाळंतीण सव्वा महिन्यानं बाहेर पडली की पहिलं हळदकुंकू तिथे वाहते. हे मला दहा बैठकांत कळलं नव्हतं. सभामंडपात मी एकटीच बाई असायचे आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं.

दगड हलवायला पहारी, वासे आणि जेसीबीचा पट्टा. पट्ट्याखाली जुन्या गोणपाटांच्या घड्या. तार किंवा साखळी थेट लावायची नाही, एवढं एकच मी हट्टानं धरलं. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी पायासाठी खणताना मातीखाली आणखी तीन दगड लागले. दोन अखंड वीरगळ. तिसऱ्याला बकेटचा दात आधी लागला आणि मग तो कुणाला दिसला. मधून आडवे दोन तुकडे. चालकाचा दोष नाही. तिथे आणखी दगड असू शकतील, हाताने चर खणून बघू, हे मला सुचायला हवं होतं.

चौदाचे सतरा झाले. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी मनातल्या मनात मोजलं.

शेंदराचं कवच

या प्रकरणातला सर्वांत अवघड दिवस तिसरा. शेंदराचा दगड शेवटी हलवायचा असं ठरलं होतं. हा 'वीराचा दगड'. गावातल्या एका घराण्याचा वीर तो. घराणं तीन पिढ्या मुंबईत. यात्रेला येऊन शेंदूर-तेल, नारळ आणि नैवेद्य. त्यांना विचारलं पाहिजे, असं गुरव म्हणालेही. अध्यक्ष म्हणाले, मंडळात आहेत ते, त्यांना सगळं माहीत आहे. मी मान हलवली.

पट्टा ताणला, दगड इंचभर उचलला गेला, आणि शेंदूर पुढच्या बाजूनं एका पाळीत सुटून खाली पडला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेला-शेंदराचा चार बोटं जाड पापुद्रा. मजूर मागे सरकले. एकानं कानाला हात लावला.

आत घोडेस्वार होता. घडण ओबडधोबड, एकच चौकट. डोक्याला मुंडासं, हातात लांब सरळ तलवार. अप्सरा नाहीत, शिवलिंग नाही. बाकीच्या वीरगळांशी याचं काही नातं नव्हतं. हा फार नंतरचा दगड. मराठा काळातही वीरांचे दगड उभे होत राहिले, ते बहुधा असेच घोड्यावरचे. मग मी नीट पाहिलं तेव्हा मातीतून निघालेल्यांपैकी एक दगडही त्याच धाटणीचा होता.

म्हणजे सतरातले दोन दगड गावाच्या गोष्टीच्या जवळपासच्या काळातले असू शकत होते. मी सभामंडपात सरसकट 'शिवकालीन नाहीत' म्हणून बसले होते.

पण त्या दिवशी काळाचा प्रश्न कुणाला नव्हता. कवच पडणं हा शकुन की अपशकुन, हा होता. निर्णय गुरवांनी घेतला, कुणाला न विचारता: पापुद्र्याचे तुकडे परातीत गोळा केले, नदीत सोडले, दगडाला पाण्यानं आंघोळ घातली आणि त्याच संध्याकाळी नवा शेंदूर लावला. मला फोटो काढायला दहा मिनिटं मिळाली, तीही त्यांच्या कृपेनं. स्वच्छ दगड तसाच ठेवा, असं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं, आणि त्याचं आजही बरं वाटतं.

चूक झाली ती रात्री. मुंबईच्या घराला लगेच कळवायचं की यात्रेला आल्यावर समजावून सांगायचं? 'समोरासमोर बरं' असं ठरलं. त्याआधीच एका मजुरानं काढलेला फोटो ग्रुपवरून ग्रुपवर फिरत त्यांच्या मोबाइलवर पोचला: उघडा पडलेला वीर, पोटाला पट्टा बांधून जेसीबीला टांगलेला. घरातल्या थोरल्या काकांचा मला फोन आला. ते रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं. एवढंच म्हणाले, "तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला काय बोलणार. पण गावानं तरी विचारायचं हो."

यात्रेला ते आले तेव्हा वीराचा चांदीचा टाक सोबत आणला होता. देव्हाऱ्यातला, बोटाएवढा, घोडेस्वाराचा. दगडापाशी धरून पाहिला. घोड्याचा उचललेला पाय तसाच. दगडात आत काय आहे हे त्यांच्या घरातही कुणी पाहिलेलं नव्हतं, पण टाकावर ते होतं. त्या वर्षी नैवेद्य नव्या जागी झाला नाही. काकांनी जुन्या जागी, भिंतीच्या पायथ्याशी, नारळ ठेवला आणि मग चौथऱ्याकडे आले.

फलकावरचा मजकूर

इथवर आल्यावर फलकाचं भांडण आपोआप मऊ झालं होतं. समितीचा मसुदा एका ओळीचा, माझा मसुदा बावीस ओळींचा. दोन्ही वाचण्यासारखे नव्हते. शेवटी शिक्षक मुलानं दोन परिच्छेद केले. पहिल्यात दगडांवर काय दिसतं: चौकटी, गाई, घोडेस्वार, हात, बहुतेक वीरगळ यादवकाळातले असावेत, दोन नंतरचे. दुसरा परिच्छेद सुरू होतो, 'गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की'. त्याखाली चौदा मुंडाशांची गोष्ट, बोलीतच. 'पावनखिंड' हा शब्द मोठ्या अक्षरात हवा, यावर समिती अडली. मी सोडून दिलं. 'समाध्या' हा शब्द नको, यावर मी अडले. त्यांनी सोडून दिलं. 'हाताचा दगड' फलकावर घालायचा का, हे आजीला विचारलं. ती म्हणाली, "बायामानसांचं हाय ते, बोर्डावर कशाला?" नाही घातलं.

पुन्हा वेळ आली तर

दगडांच्या आधी माणसांची यादी करीन. कोणत्या दगडाला कोण काय वाहतं, कधी, आणि ते घर सध्या कुठे आहे. माझ्या नकाशात अंतरं सेंटीमीटरपर्यंत होती. नैवेद्य कुठेच नव्हता.

सभामंडपातल्या बैठका पुरेशा नाहीत. पाणवठ्यावर, परड्यात, भात लावताना ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या मंडपात येत नाहीत, आणि त्या सांगणाऱ्याही येत नाहीत.

खणण्याआधी हाताने चर. दोन मजूर, एक दिवस. तुटलेला दगड त्या एका दिवसाच्या मजुरीला गेला.

काळ सांगायची घाई करणार नाही. आधी सगळे दगड स्वच्छ बघून घेईन आणि मग बोलेन. बोलतानाही गोष्ट खोटी पाडायला निघाल्यासारखं बोलणार नाही. गाईंसाठी मेलेल्या माणसाचं नाव विसरलं गेलं आणि चारशे वर्षांनी त्याच्या दगडावर दुसऱ्या लढाईची माणसं येऊन बसली, यात गावाचं काही चुकलं असं मला आता वाटत नाही. तेव्हा वाटलं होतं.

भिंत खाली सरकवायला मी आणखी भांडायला हवं होतं का? ठरवता येत नाही. पैसे कुठून आले असते ते मला आजही माहीत नाही.

सध्या

चौथरा टिकून आहे. पहिल्या पावसात एक कोपरा खचला, तो गावानंच बसवला. तुटलेला दगड दोन तुकड्यांत, खाली बारीक खडी घालून, आडवा ठेवलाय. दोन वीरगळांना कुणीतरी हौसेनं चंदेरी ऑइल पेंट मारला. काढायचा प्रयत्न केलेला नाही, कारण तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावण्यापेक्षा रंग परवडला.

फलकाचा फोटो फिरला आणि रविवारी गाड्या येऊ लागल्या. मागोमाग दुसरे पाहुणे आले. एका अमावास्येच्या सकाळी चौथऱ्यामागे कंबरभर खड्डा, लिंबू आणि कुंकू. वीरगळाखाली धन असतं हा समज जुना आहे. खाली असते ती माती. धन निघालंच असतं तरी दहा रुपयांवरचं ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ पासूनचा कायदा आहे. पण रात्री खणणाऱ्याला तो कोण वाचून दाखवणार? गावाचं नाव न देण्याचं दुसरं कारण हे. आता चौथऱ्यावर एक दिवा लागतो आणि पोरं आलटूनपालटून फेरी मारतात.

मुंबईच्या घराचा नैवेद्य दुसऱ्या वर्षी चौथऱ्यावर झाला. काकांनी सांगितलं, कौल लावला होता, वीरानं उजवा दिला.

परवा गेले तेव्हा सातवीतला एक मुलगा पुण्याच्या पाहुण्यांना दगड दाखवत होता. फलकाकडे त्याची पाठ होती. "प्रेतं आणणार कशी, आषाढ होता," तो म्हणाला, मग नेमका थांबला, म्हातारी माणसं थांबतात तसा. "मग सतरा मुंडासी आली." मी वही काढली, तारीख घातली आणि सतरा असंच लिहून घेतलं.